आर्डिसआजींना दिलेली जागा

ऑल्डर बे,
एप्रिलचा दुसरा रविवार

तीर्थस्वरूप मामा,

होरास, होरास, होरास! (आपल्या बाताक रीतीने हे तीनदा छाती फुगवून ओरडायचं असतं, पण इथल्या भिंती पातळ आहेत आणि पलीकडच्या खोलीत एक मंगोलियन मित्र परीक्षेचा अभ्यास करतोय, म्हणून लिहूनच ओरडतो.) तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. तुमच्या पायाच्या अंगठ्याची सूज उतरली का? आईने फोनवर सांगितलं, की डॉक्टरांनी तुमचं डुकराचं मटण आणि ताडी दोन्ही बंद केली आहेत. म्हणजे आता फक्त रविवारी, लग्नात, बारशाला आणि मर्तिकाला, असंच ना? चर्चचा गायकवृंद अजून तुमच्याच हाताच्या इशाऱ्यावर गातोय की त्या नव्या मास्तराने तुमची काठी पळवली? आपल्या बालिगेत तळ्याचं पाणी किती चढलंय? सगळं सविस्तर कळवा. माझी तब्येत उत्तम आहे. सर्दी आहे, पण ती इथे सगळ्यांनाच असते, तिला कुणी तब्येतीत धरत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या कॉफीच्या बाकावर पोस्टमास्तर सागालासाहेब म्हणाले म्हणे, की तुमचा भाचा अमेरिकेत गेला खरा, पण ते दोन वर्षांचं कॉलेज म्हणजे काही खरं कॉलेज नव्हे, तिथे कुणालाही घेतात. तुम्ही त्यावर कपातली कॉफी तशीच ठेवून उठून आलात, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. (कॉफीचं. तुम्ही कप अर्धा टाकून कधी उठल्याचं मला आठवत नाही.) तर मामा, त्यांना माझा नमस्कार सांगून सांगा, की त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. इथे कुणालाही घेतात. कुणाकुणाला घेतात आणि घेऊन त्यांचं काय करतात, हेच सांगायला हे पत्र लिहितोय. शिवाय सप्टेंबरपासून तुमच्यापासून आणि आईपासून एक गोष्ट लपवून ठेवली आहे, तीही ओकून टाकतो. त्या महिन्यात तुमच्या भाच्याला देशातून परत पाठवायची वेळ पाच दिवसांवर आली होती, आणि ती मीच आणली होती. चोरी नाही, मारामारी नाही. तुम्ही शिकवलेल्या सभ्यपणामुळे.

झालं असं, की दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मी गणिताच्या तासाला पहिल्या रांगेत बसलो होतो. (मागे बसणारा मागेच राहतो, हे तुमचंच वाक्य.) आमचे गणिताचे सर थंडी असो पाऊस असो, अर्ध्या चड्डीत येतात आणि 'मला गॅरी म्हणा' असं दर तासाला सांगतात. मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची कल्पनाच मला सहन होईना, त्यामुळे वर्षभर मी त्यांना हाकच मारली नव्हती, नुसता खाकरत असे. वर्गात खुर्च्या बत्तीस आणि बत्तीसही भरलेल्या. मागच्या भिंतीला टेकून पाच-सहा जण उभे होते, कुणी गळालं तर जागा मिळेल या आशेवर. त्यात एक आजी. बहात्तर वर्षांच्या, पांढरे आखूड केस, हिरवा रेनकोट, खांद्याला मुलांचं असतं तसं दप्तर, आणि उभ्या! मामा, खरं सांगा, बालिगेच्या बसमध्ये मी बसलोय आणि ओपुंगच्या, आपल्या आजीच्या, वयाची बाई दांडा धरून उभी आहे, हे तुम्ही बघितलं असतं तर माझा कान जागेवर राहिला असता का?

मी ताडकन उठलो. "आजी, तुम्ही बसा." गॅरीसर म्हणाले, अरे बाबा, नुसतं बसून चालत नाही, वर्गाच्या यादीत नाव लागतं. मी म्हटलं, मग माझं नाव काढतो, त्यांना लावा, मी हे गणित जानेवारीत करीन. गॅरीसर "थांब, थांब जरा" म्हणेपर्यंत मी खिशातून फोन काढून माझं नाव खोडलंदेखील. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मला वाटलं, माझ्या सभ्यपणाने सगळे भारावले. (मनात म्हटलं, आत्ता मामा बघायला हवे होते.) तेवढ्यात भिंतीपाशी कुणाचातरी फोन टिंग वाजला. चाकांची फळी काखेत धरलेला, कपाळावर केस ओढलेला ब्रॉडी नावाचा एक तरुण होता. प्रतीक्षायादीत पहिला नंबर त्याचा. जागा मोकळी झाली की यंत्र आपोआप पहिल्याला देतं, आणि साठीच्या पुढच्यांना कॉलेज जवळजवळ फुकट शिकवतं खरं, पण सगळ्यांत शेवटी, खुर्ची उरलीच तर. ब्रॉडी "थँक्यू, दोस्ता" म्हणाला आणि माझ्या खुर्चीत बसला. फळी त्याने पायाखाली घेतली. आजी उभ्या होत्या त्या उभ्याच, आणि आता त्यांच्या शेजारी मी. तेलही गेलं, तूपही गेलं.

आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अडतीस वर्षं शाळेची बस चालवली मी. आयुष्य पोरांना 'बस खाली' म्हणण्यात गेलं. आणि आता मला कुणी बस म्हणालं, तर तू तीही जागा घालवलीस." पण हसत म्हणाल्या. त्यांचं नाव आर्डिस. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी याच कॉलेजात नाव घातलं होतं, मग वडील आजारी पडले, मग लग्न, मग बस. नवरा गेल्यावर पुन्हा आल्या. सगळे विषय झाले, एक हे गणित राहिलंय. दर सत्राला येऊन भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि दर सत्राला वर्ग भरलेला असायचा. त्या म्हणाल्या, मला नुसतं आर्डिस म्हण. मी म्हटलं, जीभ झडेल. शेवटी आर्डिसआजींवर तडजोड झाली.

संध्याकाळी पॉलेटबाईंचा फोन आला, लगेच ये म्हणून. या बाई परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत असतात, टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांचा वाडगा असतो, आणि बातमी जितकी वाईट तितका वाडगा त्या पुढे सरकवतात. मी दारातून आत गेलो, तर वाडगा टेबलाच्या अगदी माझ्या कडेला.

"तुंपल, गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी मी तुम्हा सगळ्यांना एक आकडा सांगितला होता. कुठला?"

"बारा," मी म्हणालो.

"बारा काय?"

मामा, ते काय ते मला माहीत नव्हतं. त्या सभेत मी छत्तीस तास प्रवास करून बसलो होतो. आकडा ऐकला आणि पुढचं सगळं झोपेत गेलं. पॉलेटबाईंनी पुन्हा सांगितलं. प्रत्येक विषयाला वजन असतं, त्याला क्रेडिट म्हणतात. माझे तीन विषय पाच-पाचाचे, म्हणजे पंधरा. परदेशी विद्यार्थ्याच्या खात्यावर बाराच्या खाली गेलेलं सरकारला चालत नाही. गणित टाकलं, उरले दहा. शुक्रवारी नावनोंदणी बंद. तोवर दोनाची भर पडली नाही, तर त्यांना वर कळवावंच लागणार, आणि माझा व्हिसा संपला.

"पण का टाकलास? विषय जड गेला?"

"आजी उभ्या होत्या," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि स्वतःच एक गोळी तोंडात टाकली. मग आम्ही दोघांनी मिळून यादी चाळली. सगळं भरलेलं. मातीची भांडी भरलेली, गिटार भरलेली, वेल्डिंगसुद्धा भरलेलं. मी पॉलेटबाईंच्या समोर हसत होतो (तुम्हाला माहीत आहे, मी घाबरलो की हसतो), पण बाहेर सायकलच्या शेडमध्ये जाऊन रडलो. आईने मला पाठवायला शिवणाच्या मशिनीवर किती वर्षं घालवली ती मला माहीत आहेत. बाबा गेल्यापासून तुम्ही माझ्यासाठी काय केलंत तेही माहीत आहे. आणि मी कुठल्या आजारामुळे नाही, नापास होऊन नाही, तर एका खुर्चीपायी परत येणार. पोस्टमास्तर सागालांना काय सांगायचं?

तिथेच आर्डिसआजींनी मला गाठलं. त्या पावसात सायकल काढायला आल्या होत्या. झालं ते ऐकून त्या अशा तापल्या, की मी दोन पावलं मागे सरलो. "मूर्खा! पन्नास वर्षं थांबले होते मी. अजून तीन महिने थांबले असते, तर काय मेले असते? विचारायचं तरी एकदा!" मग एकदम थांबल्या. "दोन क्रेडिट हवीत ना? पोहता येतं तुला?"

मामा, आता तुम्ही जरा खाली बसा. तुम्हाला आठवतंय ना, मी सहा वर्षांचा असताना तुम्ही मला धक्क्यावरून तळ्यात फेकलं होतंत? 'पाणीच पोहायला शिकवतं' म्हणालात. पाण्याने मला काहीच शिकवलं नाही, मी सरळ खाली गेलो, आणि मग तुम्हाला मनगटावरच्या घड्याळासकट उडी मारावी लागली. घड्याळ तेव्हापासून बंद आहे (आणि तुम्ही ते अजून घालता), आई तुमच्याशी तीन महिने बोलली नाही, आणि मी जगातल्या एका मोठ्या तळ्याच्या काठी वाढूनही गुडघ्यापुढे पाण्यात उतरलो नाही. आजींना म्हटलं, नाही येत. "उत्तम," त्या म्हणाल्या, "आम्हालाही येत नाही."

गावच्या पोहण्याच्या तलावात सकाळी सातला कॉलेजचा एक वर्ग असतो, पाण्यातल्या व्यायामाचा. दोन क्रेडिट. त्यात अकरा आजीबाया, आर्डिसआजी धरून. कॉलेजचा नियम असा, की बारा विद्यार्थी नसले तर वर्ग रद्द, आणि बारावी बाई उन्हाळ्यात लेकीकडे राहायला निघून गेलेली. त्यांचाही शुक्रवारच शेवटचा, आणि रद्द व्हायच्या बेतात म्हणून तो वर्ग आमच्या नजरेतून सुटला होता. माझं अडलं होतं तसं त्यांचंही माझ्यावाचून अडलं होतं! मी तिथल्या तिथे नाव घातलं. पॉलेटबाईंनी पडद्यावर आकडा बघितला, बारा, आणि खुर्चीतल्या खुर्चीत दोन्ही हात वर केले. वाडगा मागे सरकला.

पण नाव घालणं वेगळं आणि पाण्यात उतरणं वेगळं. पहिल्या सकाळी मी शिडीचा दांडा धरून जो उभा राहिलो तो राहिलो. अकरा जणी छातीभर पाण्यात, डोक्यावर फुलाफुलांच्या रबरी टोप्या, माझ्याकडे बघतायत. दात वाजत होते. कुणी हसलं नाही. एकीने सांगितलं, तिला पहिल्यांदा उतरायला तीन आठवडे लागले होते. दुसरी म्हणाली, पोरा, ओठ निळे पडलेत तुझे, आत ये, आत गरम आहे. मग आर्डिसआजींनी हात पुढे केला आणि बसमधला आवाज काढला: "उतर खाली!" अडतीस वर्षं चाळीस-चाळीस पोरं त्या आवाजाला भ्यालेली. मीही उतरलो. तळाला पाय लागले, मामा! सरळ उभं राहता येत होतं! तुम्ही मला उथळ जागी का नाही फेकलंत?

त्या दिवसापासून माझ्यावर अकरा आज्यांचं राज्य सुरू झालं. कुणी स्वेटर आणते, कुणी केळ्याचा केक, कुणी भोपळ्याएवढी काकडी आणते आणि घेतल्याशिवाय जाऊ देत नाही. परतफेड म्हणून मी नाताळाआधी त्यांना आपलं माशाचं आर्सिक करून घातलं, आईने पाठवलेली रानमिरी सढळ हाताने घालून. त्या मिरीने जीभ बधिर होते, हे सांगायचं राहिलं. दोन घासांत अकराच्या अकरा गप्प झाल्या, आणि त्यांतल्या डोरिनबाईंना वाटलं, आपल्याला अर्धांगाचा झटका आला. त्यांनी दोन्ही हात वर करून बघितले, आरशात तोंड वाकडं झालंय का बघितलं, आणि मग पुन्हा वाढून घेतलं.

आता गणिताचं. दुसऱ्या आठवड्यात ब्रॉडी यायचा बंद झाला. (गणितात आकडे असतात हे त्याला उशिरा कळलं असावं.) यादीतले बाकीचे तोवर कंटाळून दुसरीकडे गेले होते, भिंतीला टेकून आम्ही दोघंच रोज उभे राहून वही लिहायचो. गॅरीसर म्हणाले, नोंदणी बंद झाली तरी माझ्या सहीने एक जागा भरता येते, तुमच्यापैकी कोण? आजी म्हणाल्या, हा. मी म्हटलं, या. त्या म्हणाल्या, तुझं पुढचं विद्यापीठ यावर अडलंय. मी म्हटलं, तुमचं अख्खं कॉलेज यावर अडलंय. असं पाच-सात मिनिटं चाललं. गॅरीसर खडू हातात धरून म्हणाले, "माझा तास संपत आलाय हो, भांडण बाहेर घेऊन जा." आजींनी शेवटी "बस खाली!" म्हणून आवाज चढवला आणि माझे गुडघे आपसूक वाकलेही. पण या वेळी मी शहाणा झालो होतो. बसलो नाही. खिशातून कागद काढला. पॉलेटबाईंना आधी विचारून, हिशेब तपासून, जानेवारीतल्या गणितात माझं नाव घालून, त्यांची सही घेऊन आलो होतो. सही असलेल्या कागदापुढे अमेरिकेत कुणाचं काही चालत नाही.

आजी बसल्या. पहिल्या रांगेत, माझ्याच जुन्या खुर्चीत. दप्तरातून पेन काढायला त्यांना फार वेळ लागला, आणि गॅरीसर तेवढा वेळ फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मामा, मला इतका आनंद आजवर कधी झाला नव्हता. मी तिथेच पहिल्यांदा म्हणालो, "थँक्यू, गॅरी." जीभ झडली नाही.

आजी पास झाल्या. जानेवारीत मी त्यांच्या वह्या घेऊन बसलो. दर शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात त्या माझी उजळणी घ्यायच्या, चुकलो की टेबलावर उलथनं आपटायच्या. मीही पास झालो, आणि चांगला झालो. आणि गेल्या मंगळवारी राज्याच्या मोठ्या विद्यापीठाचं पत्र आलं. सरळ तिसऱ्या वर्षाला घेतलंय, पूल बांधण्याच्या अभ्यासाला. पत्र मी आधी पॉलेटबाईंना दाखवलं. त्यांनी वाडगा पुढे सरकवला, मी दचकलो, तर म्हणाल्या, आज आनंदाच्या घे.

तेव्हा पोस्टमास्तर सागालांना एवढं सांगा. इथे कुणालाही घेतात, म्हणूनच मला घेतलं. आलो तेव्हा दुकानात मीठ मागताना घाम फुटायचा मला. त्या मोठ्या विद्यापीठाने तेव्हा मला दारातही उभं केलं नसतं, आणि केलं असतं तर पहिल्या महिन्यात मी वाहून गेलो असतो. इथे पाय तळाला लागले. उभं राहायला शिकलो. या लोकांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार, मला माहीत नाही. तुमचेही.

मामींना, गायकवृंदाला आणि तुमच्या त्या चावऱ्या कोंबड्याला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (पाण्यात फेकल्यावरही) भाचा,
तुंपल

ता. क. पदवीचा समारंभ १३ जूनला आहे. आजी आणि मी एकाच रांगेत बसणार. आजींना मूलबाळ नाही. मागे मी त्यांना सांगितलं होतं, की आमच्याकडे अशा दिवशी मामा आपल्या हाताने खांद्यावर उलोसची शाल घालतो, ती बाजारातून आणून स्वतःची स्वतः पांघरता येत नाही. त्या म्हणाल्या, चांगली पद्धत आहे. बस, एवढंच. पण मला वाटतं, दोन शाली लागतील.

ता. क. दुसरा. शाली टपालाने पाठवतो म्हणू नका, मामाचे हात टपालाने येत नाहीत. हे सगळं पुराण मी त्यासाठीच लिहिलं, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेलच. मला ठाऊक आहे, तुम्ही मेदानच्या विमानतळावर मला पोहोचवायला आलात तेव्हा पहारेकऱ्याला विचारलं होतंत, विमान जरा खालून नेता येत नाही का. ठाऊक आहे, देवाने कोंबडीला पंख दिले तरी ती उडत नाही, असं तुम्ही म्हणता. पण आई म्हणते, दादा विमानात बसला तर मी बसते, नाहीतर नाही. मामा, मी पाण्यात उतरलो. आता तुमची पाळी. हात धरायला आई आहे.

ता. क. तिसरा. प्रत्येकाला घरच्यांसाठी चारच खुर्च्या मिळतात. आजींच्या चार आणि माझ्यातल्या दोन तलावातल्या बायांनी कधीच बळकावल्या आहेत, उरलेल्या चार जणी भिंतीला टेकून उभ्या राहणार म्हणतात. माझ्या राहिलेल्या दोन खुर्च्यांवर मी तुमचं आणि आईचं नाव लिहून चिकटवणार आहे. त्यांतली एकही मी कुणाला देणार नाही, समोर कितीही म्हाताऱ्या उभ्या राहिल्या तरी.